भिंतीची कथरी

मी कथरी शिवतो. हे विधान मी पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता करीत आहे; घरातून दडपण आहे, परंतु ते नेमके उलट दिशेचे आहे. बालाघाटच्या आमच्या गल्लीत या विषयावर तीन मते प्रचलित आहेत. पहिले असे की, मास्तरांचे डोके गेले. दुसरे असे की, डोके पूर्वीच गेले होते, ते आता दिसू लागले. तिसरे मत माझ्या पत्नीचे, मैनाबाईचे, आहे. ते ती शेजाऱ्यांना सहज ऐकू जाईल अशा आवाजात मांडत असल्यामुळे येथे नमूद करण्याची आवश्यकता नाही. या तिन्ही मतांचे खंडन करणे हा या लेखनाचा हेतू आहे. फाटक्या लुगड्यात ज्यांना केवळ फाटके लुगडे दिसते, त्यांनी हे वाचले नाही तरी चालेल. मात्र वाचायला घेतल्यास अखेरपर्यंत वाचावे. अर्ध्यावर सोडलेल्या वाचनाने काय अनर्थ होतो, ते पुढे यायचेच आहे.

मी शाळेत मराठी शिकवीत होतो. छप्पन साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा मी जागचा हललो नाही. सीमा मात्र मला न विचारता उठली आणि माझ्या दक्षिणेला जाऊन बसली. काल आपल्याच प्रांतात असलेले नागपूर परराज्यात गेले. गोंदियाची छोटी गाडी पूर्वीच्याच वेळी, पूर्वीच्याच उशिराने सुटत राहिली. माझ्या वर्गात त्या वर्षी एकतीस विद्यार्थी होते. पुढे एकोणीस झाले, मग अकरा, मग चार. आणि त्या चारांपैकी दोघे सख्खे भाऊ असल्यामुळे त्यांच्या घरात ताप शिरला की माझा वर्ग निम्मा होई. मी पालकांच्या दारी जाऊन वाद घातला. ते म्हणत, "गुरुजी, तुमचं समदं बराबर हाये. पन पोराले नौकरी हिंदीत लागते." या मुद्द्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी आणखी अर्धा तास वाद घालीत असे. चौसष्ट सालच्या जुलैत पहिली घंटा झाली, मी हजेरीपुस्तक काखेत घेऊन सहा नंबरच्या खोलीत शिरलो, आणि समोर नऊ बाके होती. केवळ बाके.

मला विद्यार्थ्यांची उणीव भासली असे म्हणणे अपुरे होईल. मला कान हवा होता. एखादे जुने, भारदस्त वाक्य, जे तीन अर्धविराम ओलांडून, चौथ्या वळणावर थोडे थांबून, मग आपल्या क्रियापदाला भेटते, असे वाक्य मोठ्याने वाचावे आणि समोर कोणीतरी त्या क्रियापदाची वाट पाहत बसलेले असावे, एवढीच माझी आयुष्याकडून मागणी होती. घरी हा प्रयोग मी करून पाहिला होता. दुसऱ्या अर्धविरामापाशी मैनाबाई म्हणाली, "अवो, भात करपून राह्यला." भात करपत नव्हता.

आमचे हेडमास्तर मोतीलालजी हे सज्जन गृहस्थ. त्यांनी मला खोलीत बोलावून खुर्ची दिली, तेव्हाच मी ओळखले की बातमी वाईट आहे.

"गुरुजी, ऊपर से पूछ रहे हैं, खाली कमरे में बैठा आदमी दिन भर करता क्या है?"

"प्रतीक्षा," मी म्हणालो.

"वो फॉर्म में नहीं है." त्यांनी खरोखरच फॉर्म उलटून पाहिला. "देखिए, बिरसा में एक जगह है. नहीं तो एक ही रास्ता है. हस्तकला का प्रौढ़ वर्ग खोल लीजिए. सात सीखने वाले, और यहीं की कोई एक चीज़ जो वो बनाएँ. आपको कोई हुनर आता है?"

बिरसा म्हणजे अरण्य. तेथे माझे वाक्य ऐकायला सागाची झाडे होती, आणि ती स्वभावतः ताठ असतात. मी विचार करायला आठवड्याची मुदत मागितली. मला हुनर येत होता तो एकच, आणि त्याच्याच नऊ बाकांवर धूळ बसली होती.

त्या आठवड्यात एका सकाळी मी दूध आणायला निघालो. गल्लीच्या टोकाला रुख्माबाई राहते. तिचे माहेर आमगावकडचे, घराणे बौद्ध, जीभ धारदार. ती अंगणातल्या उन्हात जुन्या लुगड्यांचे थर पसरून कथरी शिवीत बसली होती. या वस्तूला मी जन्मभर गोधडी म्हणत आलो. परंतु आमच्या गल्लीत तिला कथरी म्हणतात आणि या एका वादात मी हरलो आहे. तुकड्यांची मांडणी पाहून मला राहवले नाही.

"रुख्माबाई, या निळ्याशेजारी हा तपकिरी तुकडा विसंगत दिसतो. येथे पिवळा हवा होता."

तिने मान वर केली नाही. फक्त सुई माझ्या दिशेने पुढे केली. "मंग लावा न जी तुमी. उभ्यानं बोलनं सोपं असते."

मी बसलो. बसताना माझा हेतू एक तुकडा लावून उठण्याचा, म्हणजे मुद्दा सिद्ध करण्याचा होता. परंतु तो साधा धावता टाका! तो कापडात शिरतो, दिसेनासा होतो, आणि तुम्ही त्याला विसरणार तोच पुढे डोके वर काढतो; शेकडो वेळा बुडून शेकडो वेळा वर येतो, आणि मधल्या सगळ्या थरांना एकमेकांशी बांधून ठेवूनही स्वतः मिरवीत नाही. मी तीस वर्षे ज्या गद्याची आराधना करीत आलो, ते गद्य माझ्या मांडीवर पसरलेले होते आणि त्याला जुन्या लुगड्यांचा वास येत होता. तीन वेळा सुई बोटात शिरली. चौथ्यांदा शिरली तेव्हा मैनाबाई समोर उभी होती.

"अवो! दूध आनाले गेलते न तुमी?"

भांडे माझ्या शेजारीच होते. त्यात रुख्माबाईचे दोऱ्याचे रीळ होते.

"मास्तरचा हात जड हाये," रुख्माबाई माझ्या पत्नीला म्हणाली, "पन बसते मानूस." माझ्या नंतरच्या कारकीर्दीत मला मिळालेले हे एकमेव प्रमाणपत्र होय.

कला निवडली गेली. पुढचा अडथळा कार्यालयाचा. मंजूर हस्तकलांच्या यादीत सूतकताई होती, टोपल्या होत्या, साबण होता; कथरी नव्हती. मी अर्ज केला. त्यात कथरी ही वस्तू असूनही कला कशी, आणि साबण ही कला नसूनही यादीत कशी, हे मी हिंदीतून, दीड पानाच्या एका वाक्यात, निर्विवाद सिद्ध केले. उत्तर आले: 'कृपया संक्षेप में लिखें.' माझ्या दोन मुलांच्या बारशाला माझे भाषण अर्ध्यावर सोडून पंगतीला उठलेल्या पाहुण्यांनीही माझा इतका अपमान केला नव्हता. मी दुसरा अर्ज केला, त्यात पहिल्या अर्जाचा संक्षेप का होऊ शकत नाही हे सविस्तर लिहिले. अखेर ऑक्टोबरात आज्ञापत्र आले. पहिली ओळ स्पष्ट होती: वर्ग मंजूर. त्यापुढे अठरा ओळींचे एक असे वाक्य होते की, त्यातील कर्ता तिसऱ्या ओळीत हरवला होता आणि कोणी त्याचा शोध घेतल्याचे दिसत नव्हते. असले गद्य वाचून मी माझी अभिरुची बिघडवून घेणार नव्हतो. मी कागद घडी करून कपाटात ठेवला.

ही घडी वाचकांनी लक्षात ठेवावी.

आमचे शेजारी दुलीचंद हे निवृत्त कंपाउंडर. ते संध्याकाळी सल्ला देतात; सकाळी दिलेला सल्ला ऐकायला लोक घरी नसतात. "गुरुजी, मशीन घ्या. एका दुपारी चार कथऱ्या!" मी म्हणालो, मला चार नकोत, एकच हवी. "मंग हाताने शिवालेबी मशीन बरी," ते म्हणाले. या वाक्याचा अर्थ मी अद्याप लावीत आहे. माझ्या पत्नीला त्यांनी गंभीरपणे सांगितले की, मांडी घालून वाकून बसणाऱ्या माणसाला चाळिशीनंतर मूळव्याध होते आणि त्यांनी अशी प्रकरणे पाहिली आहेत. मैनाबाईने त्या दिवसापासून माझ्या जेवणातले तिखट बंद केले. सूड आणि काळजी यांतील सीमारेषा आमच्या घरात छप्पन सालीही निश्चित झाली नव्हती.

कापड जमवताना माझी दोन धोतरे, एक पडदा आणि मैनाबाईचे एक हिरवे पातळ कामी आले. पातळ जुने आहे असे मला वाटले होते. ते केवळ जपून वापरलेले होते, हे मला नंतर दोन दिवस सांगण्यात आले. तांबड्या रंगाची वाण होती. ती शाळेचा शिपाई चैतराम याने भागवली. मराठी विभाग बंद झाल्यावर त्याची जुनी दप्तरे एका पेटीत कोंबण्यात आली आणि ज्या तांबड्या जाड बस्त्यांत ती बांधलेली असत, ती फडकी खोलीच्या कोपऱ्यात पडून होती. "ले जाओ गुरुजी," चैतराम म्हणाला, "चूहे भी नहीं खाते." मी मोजली. अकरा होती. त्यांची गाठ ज्या ठिकाणी पडे तेथील रंग उडालेला होता. एकतीस विद्यार्थ्यांची हजेरी ज्या फडक्यात बांधली जाई, तेही त्यांत होते. मी ते काही वेळ हातात धरून उभा राहिलो. चैतरामने विचारले, "तबियत ठीक है?"

सात जणी जमल्या, त्या रुख्माबाईमुळे. तिची जाऊ तुळसाबाई, सत्तरीची, दात नसलेली आणि मते असलेली. सीता नावाची एक नवी सून, लांजीकडची. आणि गल्लीतल्या आणखी चौघी. पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहिले: 'टाका. व्याख्या, प्रकार व प्रयोजन.' मागे वळून पाहिले तेव्हा व्याख्येची वाट न पाहता सातही जणी शिवू लागल्या होत्या. मी खाली बसून माझा टाका घातला. रुख्माबाईने तो उसवला. मी पुन्हा घातला. तिने पुन्हा उसवला. नोंदवहीत शिक्षक म्हणून माझे नाव होते, आणि ते तेथे आहे हे मी स्वतःला दिवसातून दोनदा उघडून दाखवीत असे.

तथापि रचना माझी होती. मधोमध वैनगंगा, निळ्या लुगड्याच्या सलग पट्टीची. दोन्ही काठांना हिरवी धानाची बांधी, म्हणजे भातखाचरे. वरच्या बाजूला धोतराच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर अकरा बस्त्यांचा एक मोठा तांबडा चौकोन, म्हणजे सहा नंबरची खोली. वैनगंगा आमच्या जिल्ह्यातून निघते आणि दक्षिणेला भंडाऱ्याकडे जाते. ती रोज जाते, कोणाकडे अर्ज न करता. ती पट्टी शिवताना माझा टाका कधी नव्हे तो सरळ पडला आणि रुख्माबाईने तो उसवला नाही.

"मास्तर," तुळसाबाईने विचारले, "हे कथरी कोनासाठी हाये?"

"कोणासाठी नाही. ही भिंतीवर लावायची आहे. ही कला आहे."

सुया थांबल्या.

"भिंतीवर?" तुळसाबाई म्हणाली. "काहून? भिंतीले हीव वाजते का जी?"

मी कलेच्या निर्हेतुकतेवर सुमारे पाऊण तास बोललो. त्या ऐकत होत्या. का ऐकत आहेत, हे माझ्या हळूहळू ध्यानात आले: हात कापडात गुंतलेले, मांडीवर जड थर, उठून जाणार कोठे? मी इतकी वर्षे बाकांवर विद्यार्थी बसवीत होतो, हीच माझी चूक. श्रोत्याच्या अंगावर कथरी हवी! दुसऱ्या दिवशी मी घरून माझे आवडते पुस्तक आणले, जुन्या काळच्या निबंधांचे, पाने पिवळी पडलेले, आणि वाचू लागलो.

पहिला निबंध परोपकारावर होता. त्यात घटना म्हणून काहीच नव्हती. तरीही पान संपताच सीता म्हणाली, "मंग?"

"मग काय?"

"मंग त्या परोपकारानं काय केलं?"

"सीताबाई, परोपकार हा माणूस नव्हे. तो गुण आहे."

"हौ, गुनाचाच दिसते," तुळसाबाई म्हणाली. "कोन्या गावचा होता?"

तीस वर्षांत कोणी मला 'मंग?' असे विचारले नव्हते. मी पुढचे पान वाचले. तीन अर्धविराम गेले, चौथे वळण आले, मी नेहमीप्रमाणे थोडा थांबलो, आणि त्या थांबण्यात सात सुया हवेत थांबलेल्या मला दिसल्या. मग मी क्रियापद उच्चारले, आणि सुया खाली गेल्या.

रुख्माबाई एकदा दोरा ओवताना म्हणाली, "मास्तर, हे आमचं बोलनं नाई. हे लय उंचावरचं हाये. पन माह्या घरी आता नातू मले 'दादी, पानी दो' म्हन्ते. म्या त्याले कायी म्हनत नाई. तुमी वाचता तं मले आमगावच्या शाळेमांगची चिंच दिसते. तिथं म्या भाईर उभी राहून आयकत होती." तिने दोऱ्याचे टोक ओठांत धरून चपटे केले. "आत नाई गेली कधी. वाचा तुमी."

मी वाचले.

मैनाबाई दुपारी माझा डबा घेऊन येई. दारातच उभी राही. आत येऊन बसणे म्हणजे या प्रकाराला मान्यता देणे झाले असते, म्हणून ती उभ्याने ऐकत असे. डबा देण्यास तिला प्रारंभी पाच मिनिटे लागत. डिसेंबरात तासभर लागू लागला.

पौषात तीन कोपरे झाले. आमच्याकडची रीत अशी की, कथरीचा कोपरा बंद करण्यापूर्वी त्यात चिमूटभर तांदूळ ठेवतात, जेणेकरून कथरी उपाशी राहू नये. चौथ्या, शेवटच्या कोपऱ्यात मात्र मूठभर जातात, आणि ते घालताना जमलेल्यांतील सर्वांत वडील बाई मोठ्याने नाव घेते: ही कथरी जो पांघरणार त्याचे. नाव घेतल्यावर कोपरा बंद, कथरी पूर्ण. तुळसाबाईने घरचा चिन्नोर तांदूळ मूठभर आणून समोर ठेवला.

"नाव सांगा, मास्तर."

"मी सांगितले की, ही कोणाचीच नाही."

"मंग बंद नाई होत. बिननावाची कथरी म्या आजलोक बंद नाई केली."

मी वाद घातला. सत्तर वर्षांच्या स्त्रीपुढे मी प्राचीन आणि अर्वाचीन असे दोन्ही आधार मांडले. तिने ते सर्व शांतपणे ऐकून तांदूळ पदराच्या गाठीत बांधले.

त्याच आठवड्यात मोतीलालजी मला वऱ्हांड्यात भेटले. चेहरा प्रसन्न होता. "बधाई हो गुरुजी. परसों निरीक्षक साहब आ रहे हैं. चीज़ पूरी हो गई न? बिरसा में आपके लिए क्वार्टर भी देख लिया है."

"बिरसा? वर्ग मंजूर झाला आहे."

"चीज़ पूरी होने तक. आदेश में लिखा तो है." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "पढ़ा नहीं?"

मी घरी जाऊन कपाट उघडले आणि ती घडी उलगडली. अठरा ओळींचे वाक्य पहिल्यांदाच अखेरपर्यंत वाचले. हरवलेला कर्ता सतराव्या ओळीत सापडला. तो मीच होतो. वस्तू पूर्ण होताच वर्ग समाप्त समजावा, वस्तू जिल्हा कार्यालयात जमा करावी आणि संबंधित शिक्षकास बिरसा येथे पाठवावे. ज्या माणसाचे सारे आयुष्य, वाक्य शेवटपर्यंत कोणी ऐकत नाही या तक्रारीत गेले, त्याने स्वतःच्या भवितव्याचे वाक्य तिसऱ्या ओळीवर टाकून दिले होते. मैनाबाईने कागद पाहिला. हिंदी तिला माझ्यापेक्षा चांगली कळते. त्या दिवशी जेवणात तिखट होते.

वर्गाला मी हे सांगितले नाही. सांगायचे तर कारणही सांगावे लागले असते.

निरीक्षक साहेब आले ते उभ्यानेच आले. बाहेर जीप सुरू होती. त्यांनी प्रथम डोकी मोजली. "छह?" सीता संक्रांतीसाठी लांजीला माहेरी गेली होती. "आदेश में सात है. छह में तो वर्ग आज ही बंद." त्यांनी पेनाचे टोपण काढले.

दारातून डबा खाली ठेवल्याचा आवाज झाला. मैनाबाई आत आली, रुख्माबाईच्या शेजारची जागा पदराने झटकली आणि मांडी घालून बसली. "म्या सातवी," ती म्हणाली. "डबा आनाले गेलती." मग तिने एक सुई उचलली आणि तिच्याच हिरव्या पातळाच्या तुकड्यावर टाका घातला. तो रुख्माबाईने उसवला नाही, हे मी येथे पुरेशा कटुतेने नमूद करतो.

साहेबांनी टोपण लावले. "ठीक. और ये कोना क्यों खुला है?"

"नाव पाह्यजे जी," तुळसाबाई म्हणाली आणि पदराची गाठ सोडली.

मोतीलालजींनी रीत समजावून सांगितली. साहेबांनी घड्याळ पाहिले. "तो ले लीजिए किसी का भी नाम. बंद कीजिए, मैं पूर्ण लिख दूँ."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. कोणतेही नाव चालले असते. मी मैनाबाईकडे पाहिले. तिने मान हलवली. "माह्यं नाव घेऊ नका. मले हाये कथरी." मग खाली पाहत, टाका घालीत, ती पुढे म्हणाली, "ज्याले हीव वाजून राह्यलं, त्याचं घेतात."

तसे असेल तर नाव एकच होते, आणि आपल्या कथरीत आपले नाव आपण घ्यायचे नसते. तीस वर्षांत प्रथमच असे झाले की, माझ्यासमोर वर्ग भरलेला होता आणि मला वाक्य सुचत नव्हते.

साहेब अधीर होऊन कोपरा स्वतःच पाहण्यासाठी वाकले आणि त्यांनी उघड्या कडेचा वरचा थर उलटला. तांबड्या चौकोनाच्या मागल्या अंगाला शाईने लिहिलेले होते: 'मराठी विभाग, बस्ता क्र. ४.' त्यांनी थर आणखी उचलला. क्रमांक सात. त्यांचा चेहरा त्या कापडासारखाच तांबडा झाला.

"ये तो सरकारी बस्ते हैं! किसने दिए?"

चैतराम दारात होता. तो आता दारात नव्हता.

"ग्यारह के ग्यारह! ये सब निकाल कर वापस जमा कीजिए. तुरंत!"

मी उठून उभा राहिलो आणि दोषाची संपूर्ण जबाबदारी स्वीकारणारे एक वाक्य सुरू केले. पहिल्या अर्धविरामापाशी रुख्माबाईने मला हाताने खाली बसवले.

"उसवतो न, साहेब," ती अत्यंत नम्रपणे म्हणाली. "सरकारचं कापड हाये, फाटलं नाई पाह्यजे. हळूच उसवा लागते. एक-एक टाका. शिवाले तीन महिने लागले, उसवाले त्याहून जास्त लागतीन. अन् मंग तिथं दुसरं लावा लागंन, नाई तं भोक राह्यते. सरकारी वस्तूले भोक कसं ठेवता जी?"

साहेबांनी मोतीलालजींकडे पाहिले, मोतीलालजींनी छताकडे. बाहेर जीपच्या चालकाने भोंगा वाजवला. साहेबांनी उभ्यानेच नोंदवहीत लिहिले आणि निघून गेले. मी वही घेतली. या वेळी मी शेवटपर्यंत वाचले, तीन वेळा: वस्तू अपूर्ण, सरकारी कापडाचा प्रश्न विचाराधीन, निर्णय होईपर्यंत वर्ग यथावत चालू ठेवावा. मी पुष्कळ अभिजात गद्य वाचले आहे. एवढे सुंदर वाक्य माझ्या वाचनात नाही.

चार वाजून गेले होते. गोंदियाची छोटी गाडी शीळ घालून निघाली, उशिरानेच. तिचा आवाज पुलापर्यंत ऐकू येतो, मग येत नाही. सगळ्या जणी तो संपेपर्यंत थांबल्या, कोणी तसे म्हटले नाही.

"वाचा न जी," रुख्माबाई म्हणाली.

पुस्तकाची दोनच पाने उरली होती. मी शक्य तितक्या सावकाश वाचली. शेवटचे क्रियापद उच्चारून मी पुस्तक मिटले, तेव्हा सुया हवेतच होत्या.

"मंग?" हे मैनाबाईने विचारले.

माझ्याजवळ 'मंग' नव्हते. मी पुस्तक उलटे फिरवले, पहिले पान उघडले आणि परोपकारापासून सुरुवात केली.

"हे तं आयकलेलं हाये," तुळसाबाई म्हणाली. मी थांबलो. तिने डोळे मिटले. "थांबता काहून? तो कोन्या गावचा होता, ते सांगतलं नाई तुमी अजून."

याला आता दोन वर्षे होत आली. सरकारी कापडाचा प्रश्न विचाराधीन आहे. आम्ही उसवतो आणि शिवतो. सीतेचे बाळ त्याच कथरीवर रांगायला शिकले. तुळसाबाई रोज मूठभर चिन्नोर पदरात बांधून आणते, संध्याकाळी घरी नेऊन शिजवते आणि दुसऱ्या दिवशी दुसरी मूठ आणते. चौथा कोपरा उघडा आहे. त्यासाठी कोणास नाव सुचवावयाचे असल्यास त्याने ते लेखी कळवावे, संक्षेप करू नये. घाईही करू नये.